गॅरेजमधून आलेली जुनी ओम्नी त्रास देतेय? बिघाड असा शोधा

मारुतीची व्हॅन 1984 मध्ये आली, पुढे तिची ओम्नी झाली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. सोलापुरात मात्र चादरींचे गठ्ठे आणि मंडपाचं सामान वाहणाऱ्या ओम्नी अजून दिसतात. अशा गाडीचं हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून काम करून घेतलं आणि घरी आणल्यावर ती मिसिंग करायला लागली (एखादा सिलिंडर नीट पेटेना आणि धक्के बसू लागले), स्लो धरेना (ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडू लागली) किंवा तापायला लागली, तर लगेच नवे पार्ट आणायला धावू नका. कामाआधी नसलेला दोष कामानंतर दिसला, तर संशय आधी जिथे हात लागला तिथेच घ्यावा.

म्हणून सुरुवात बिलापासून करा. काय काय उघडलं, काय बदललं हे मिस्त्रीला विचारून लिहून घ्या आणि जुने पार्ट मागून घ्या. त्रास कधी होतो तेही लिहा: गार इंजिनला, तापल्यावर, की चढाला? तुळजापूरच्या घाटात दम तोडणारी गाडी आणि सात रस्त्याच्या सिग्नलला बंद पडणारी गाडी, दोघींचं दुखणं वेगळं असू शकतं.

नुसत्या डोळ्यांनी तपासणी

इंजिन गार असताना पुढची सीट उचला. सुटलेला पाईप, सैल क्लिप, कुठेच न जोडलेला वायरचा सॉकेट असं काही दिसतंय का बघा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि इंजिनची अर्थिंग हाताने हलवून बघा. काम करताना ही वायर काढलेली असते आणि परत नीट आवळायची राहून जाते.

मिसिंग करत असेल तर

कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरकडून (सिलिंडरांना वीज वाटून देणारा भाग) स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या वायरी तपासा. तीन सिलिंडरच्या या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-2 आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन थडथडतं, कधी कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात. क्रम बरोबर असेल तर तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमी पडतेय. तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. एकच प्लग पेट्रोलने ओला असेल तर त्या सिलिंडरची ठिणगी आधी तपासा. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाडीत मात्र चालू इंजिनवर प्लगची वायर ओढू नका, कॉइल जाऊ शकते.

गॅसकिट असेल तर एक सोपी परीक्षा आहे. गाडी पेट्रोलवर चालवून बघा, मग गॅसवर. दोन्हीवर मिसिंग असेल तर संशय प्लग, वायर, ठिणगीचं टायमिंग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांवर घ्या. फक्त पेट्रोलवर असेल तर कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरकडे बघा.

स्लो धरत नसेल तर

कुठून तरी जादा हवा ओढली जात असेल. इंजिन चालू ठेवून सुस्स असा आवाज येतो का ऐका. बारीक व्हॅक्यूम पाईप (इंजिन ज्यांतून हवा ओढतं ते) एकेक करून चिमटीत दाबा. एखादा दाबताच स्लो सुधारला तर फट त्याच वाटेवर आहे. पेट्रोल शिंपडून फट शोधायची जुनी सवय सोडा, सीटखाली आग लागायला वेळ लागत नाही. आणि फट सापडेपर्यंत कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळू नका, नाहीतर एका दोषाचे दोन होतील.

तापत असेल तर

इथे घाई नको. रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, त्यामुळे पाण्याचे पाईप लांब, आणि पाणी काढून परत भरलं की आत हवा अडकते. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा, कूलंट भरा, गाडीचं तोंड चढाला ठेवून इंजिन स्लोवर चालू ठेवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की पातळी खाली जाते, तेवढं परत भरा. बोअरचं जड पाणी वापरू नका, त्याचे क्षार आत साचतात; डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेला कूलंटच घ्या. मग झाकण लावा आणि पंखा फिरतोय का बघा. फिरत नसेल तर सॉकेट आणि फ्यूज तपासा.

हवा निघून गेल्यावरही रेडिएटरमधले बुडबुडे थांबत नसतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं पॅकिंग) संशय घ्या आणि गाडी चालवायची थांबवा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कार्ब्युरेटरवाली गाडी तापून बंद पडते आणि थोडं थांबल्यावर परत सुरू होते. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवून सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर पाईपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडत होता असं समजा. फरक पडला नाही तर कॉइल तपासून घ्या.

एवढं करूनही मिसिंग राहिलं तर कॉम्प्रेशन टेस्ट मागा. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला सांगा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट; आणि शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर बहुधा त्यांच्या मधलं गॅस्केटच गेलेलं असतं. हे आकडे कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद घेऊन मिस्त्रीकडे जा.