हूड घातला म्हणजे ढगात गेलो असं नव्हे

इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या, म्हणजे बाहेर न बघता फक्त पॅनेलवरच्या उपकरणांच्या आधारे विमान उडवायच्या शिक्षणाच्या, सुरुवातीला नवीन मुलं 'हूड घेऊ की फॉगल्स?' हे फार गंभीरपणे विचारतात. दोन्ही बाहेरचं झाकून फक्त पॅनेल दिसू देणारी सरावाची साधनं: हूड म्हणजे कपाळावर घालायची झापड, फॉगल्स म्हणजे वरचा भाग धूसर केलेला चष्मा. उत्तर छोटं आहे. लांब हूड जास्त झाकतो, पण हेडसेटच्या पट्टीशी त्याचं पटत नाही आणि बाजूचं काही पाहायचं तर अख्खी मान वळवावी लागते. फॉगल्स हलके, पण त्यांच्या काड्या हेडसेटच्या गादीखाली फट पाडतात. इंजिनाचा आवाज आत येतो, कानशिलं दुखायला लागतात. चष्मा लागत असेल तर चष्म्यावरच अडकवता येईल असा प्रकार बघा. यात आठवडे घालवू नका.

खरा घोळ पुढे आहे. मीही त्यात सापडलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

यातलं कुठलंच साधन बाहेरचं सगळं झाकत नाही. बाजूच्या खिडकीची एखादी पट्टी दिसत राहते, कडेने उजेड येतो. डोळ्याच्या कडेची नजर तोल सांभाळायच्या कामी येते आणि त्यासाठी तिला आपलं लक्ष लागत नाही. म्हणून 'मी बाहेर पाहिलंच नाही' हे अगदी मनापासून म्हणता येतं आणि तरीही ते खरं नसतं. ऊन असेल तर विचारूच नका. विमान कलतं तशी खिडकीच्या चौकटीची सावली पॅनेलवर सरकते, आणि विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या अटिट्यूड इंडिकेटरकडे नजर जायच्या आधीच हात योक (विमानाचं स्टिअरिंग) सरळ करून मोकळा होतो. तुम्हाला वाटतं, स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवत राहणं, झकास बसला. इन्स्ट्रक्टरलाही तसंच वाटतं. लॉगबुकात तास चढत जातात. मग एक दिवस खरा ढग लागतो. चौफेर पांढरं, सावली नाही, पट्टी नाही. तोलासाठी कानावर विसंबावं तर सेकंदाला साधारण दोन अंशांहून हळू कलणं कानातल्या नलिकांना कळतही नाही.

1954 साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना अशाच, बाहेरचं झाकून तयार केलेल्या बनावट ढगात उडवून पाहिलं. विमान ताब्यातून जायला सरासरी 178 सेकंद लागले. हा आकडा सगळे एकमेकांना ऐकवतात आणि 'आपण तर शिकलेले' म्हणून सोडून देतात. पण फटीतून शिकलेला माणूस नेमका कितपत शिकलेला असतो?

तपासायचं कसं? इन्स्ट्रक्टरला अटिट्यूड इंडिकेटर झाकायला सांगा. उडण्यात काडीचाही फरक पडला नाही तर खूश होऊ नका, संशय घ्या. मग ढगाळ, सावली न पडणाऱ्या दिवशी तेच करा. फट बुजवायला खिडकीवर नकाशा मात्र लावू नका. सेफ्टी पायलटला, म्हणजे तुम्ही हूडखाली असताना शेजारी बसून बाहेर लक्ष ठेवणाऱ्याला, तुमच्या बाजूचंही आकाश दिसायला हवं. आणि माझं ठाम मत विचाराल तर चंद्र नसलेली रात्र आणि खाली दिवे नसलेला मुलूख, यापुढे सगळे हूड फिके.

घाबरू नका, ही सवय सुटते. सावलीचा आधार गेला की पहिल्या काही उड्डाणांत हेडिंग (विमानाची दिशा) भरकटतं, उंची सुटते आणि आपण मागे गेलो असं वाटतं. मागे गेलेलं काही नसतं, आधी जे झाकलं गेलं होतं तेच आता दिसतं.

मानेचंही एक सांगतो. वळणात असताना फ्रिक्वेन्सी बदलायला किंवा मांडीवरचा चार्ट बघायला डोकं झटकन खाली घातलं तर विमान गडगडल्यासारखं वाटतं. हूडमुळे मान जास्त हलते, म्हणून हे जास्त होतं. फ्रिक्वेन्सी वळणाआधीच लावून ठेवा, चार्ट वर अडकवा.

तास भरून काढायला मित्राला सेफ्टी पायलट म्हणून बसवायचं, त्याने मोबाइल बघायचा, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. हूडखालचा माणूस समोरून येणाऱ्या विमानाच्या बाबतीत आंधळा असतो. ट्रॅफिक कोण सांगणार, कंट्रोल्स कोणते शब्द बोलून घेणार, हे इंजिन सुरू करण्याआधीच ठरवा.

आणि अॅप्रोचच्या, म्हणजे रनवेकडे उतरत येण्याच्या, शेवटी, डिसिजन अल्टिट्यूडला (उतरायचं की परत वर जायचं हे ठरवायच्या उंचीला) हूड काढला की समोर लख्ख रनवे, हे दर वेळी होऊ देऊ नका. खऱ्या हवेत त्या उंचीवर कधी अॅप्रोच लाइट्सच्या दोन-चार रांगा दिसतात, कधी काहीच नाही. इन्स्ट्रक्टरला सांगा, अधूनमधून हूड काढूच देऊ नका, न सांगता गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) करायला लावा.