टेंडरमध्ये नुसतं 'ॲक्सेसिबल असावे' लिहू नका

इंदूरात कुणी सरकारी ऑफिससाठी सॉफ्टवेअर, किऑस्क वगैरेचं टेंडर बनवत असाल तर एक सांगतो, "दिव्यांगांना वापरता यावं" एवढं मोघम लिहून सोडू नका, सप्लायर हो हो म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. सरळ आयएस १७८०२ चं नाव टाका, बीआयएसचंच (भारतीय मानक ब्युरो) स्टँडर्ड आहे, पहिल्या भागात काय काय हवं ते आणि दुसऱ्यात ते तपासायचं कसं ते. त्या दुसऱ्या भागाप्रमाणे टेस्ट रिपोर्ट मागा नि पेमेंट त्यावर अडकवा.

आणि डेमोच्या दिवशी माउस काढून ठेवा, खरंच. एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो लावून नुसत्या टॅब-एंटरवर अख्खा फॉर्म भरायला सांगा. मागे एका ऑफिसात आम्ही हे केलं तर स्क्रीन रीडर जिथेतिथे "बटन, बटन, बटन" एवढंच बोलत होता, सबमिट कुठलं नि कॅन्सल कुठलं देव जाणे, वर कॅप्चा फक्त चित्राचा! सप्लायरवाले भाऊ एसीत घामाघूम.

फिकट राखाडी अक्षरंही बघून घ्या, साध्या मजकुराला मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद फरक) निदान ४.५:१ लागतो. जमलं तर एखाद्या दृष्टिहीन सहकाऱ्यालाच डेमोला बसवा, पोहे-जिलेबी आपल्याकडून.