प्लास्टिक मॉडेल किट: पहिल्या सांध्यापासून शेवटच्या मॅट कोटपर्यंत

पूर्ण झालेलं मॉडेल खिडकीशी नेऊन तिरकं धरलं, की विमानाच्या पाठीवर मधोमध केसाएवढी एक रेघ दिसते. रंग नीट बसलाय, डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं, सरळ आहेत, पण नजर त्या रेघेवरच जाऊन थांबते. मग रंगाचा आणखी एक हात दिला जातो आणि रेघ जास्तच ठळक होते. या छंदातले बहुतेक दोष असेच असतात. दिसतात शेवटी, पण झालेले असतात दोन-तीन पायऱ्या आधी. म्हणून प्रत्येक पायरीला काय करायचं याबरोबरच ती चुकली तर पुढे कुठे डोकं वर काढते, हेही इथे सांगितलं आहे.

उदाहरण घेतलंय लढाऊ विमानाचं. रणगाडा किंवा मोटार असली तरी क्रम फारसा बदलत नाही. पहिलंच किट असेल तर १/४८ मापाचं, एका इंजिनाचं, पंखांची एकच जोडी असलेलं विमान घ्या. १/७२ मध्ये सहा फुटांचा माणूस जेमतेम एक इंचाचा होतो, आणि त्या हिशेबाने भागही बारीक होतात. दुहेरी पंखांची जुनी विमानं दिसायला मोहक असली तरी वरचा पंख सरळ बसवणं आणि तारा ओढणं हे पहिल्या किटचं काम नाही.

धुणं आणि कापणं

साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश प्लास्टिकवर राहू शकतो. त्यावर रंग धरत नाही आणि नंतर मास्किंग टेपबरोबर पापुद्र्यासारखा निघून येतो. त्यामुळे भाग जिला जोडलेले असतात त्या सगळ्या फ्रेम कोमट पाण्यात, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून, मऊ टूथब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. पाणी गरम नको, पातळ भाग वाकतात. पारदर्शक भागांची पिशवी मात्र गरज लागेपर्यंत उघडू नका, त्यांना ओरखडे फार पटकन पडतात.

भाग फ्रेमवरून कधीही पिळून तोडू नका. निपरने, म्हणजे छोट्या कटरने, दोनदा कापायचं: पहिल्यांदा भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, मग मोकळा झालेला भाग हातात घेऊन पात्याची सपाट बाजू भागाकडे ठेवून जवळून. पहिल्याच कापात जवळ गेलं तर प्लास्टिकवर ताण येतो, तिथे पांढरा डाग पडतो किंवा खड्डा होतो. उरलेला अर्धा मिलिमीटर नव्या पात्याने तासा आणि ६०० नंबरच्या सँडपेपरने सपाट करा (नंबर मोठा तितका कागद बारीक). अँटेना किंवा चाकांच्या दांड्यांसारखे नाजूक भाग असतील तर आधी त्यांच्या आजूबाजूची फ्रेम कापून ताण मोकळा करा, मगच भागाला हात लावा.

सांधा

प्लास्टिक मॉडेलचं सिमेंट चिकटवत नाही, ते पॉलिस्टायरिन विरघळवून दोन कडा एकजीव करतं. हे एकदा लक्षात आलं, की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. कडेवर रंग असेल तर आधी तो खरवडून काढावा लागतो, नाहीतर सिमेंट प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही. रेझिन किंवा धातूच्या भागांवर ते चालत नाही, तिथे सायनोॲक्रिलेट, म्हणजे सुपरग्लू लागतो.

प्रत्येक जोड आधी सिमेंट न लावता जुळवून पाहा. जुळत नसेल तर बहुतेक वेळा आतल्या कॉकपिटची कड किंवा एखादी खुंटी अडत असते. ती तासली की फट मिटते. दाबून-रेटून बसवलेला जोड आज बसल्यासारखा वाटतो आणि महिन्याभराने उकलतो.

आता मुख्य धड. दोन्ही अर्ध्या भागांच्या कडांवर घट्ट सिमेंट सलग लावा. वीस-तीस सेकंद थांबून दोन्ही भाग हलकेच जुळवा. पुन्हा थोडं थांबा आणि मग दोन्ही बाजूंनी एकसारखा दाब द्या. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक, चमकदार वळी वर येईल. हीच वळी आपल्याला हवी आहे. ती पुसू नका, बोट लावू नका. टेपच्या पट्ट्यांनी मॉडेल बांधा, पण ओल्या सिमेंटवरून टेप नेऊ नका. पातळ सिमेंट तर आणखी खोडकर. ते केशाकर्षणाने बोटाखाली किंवा टेपखाली धावतं आणि प्लास्टिकवर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. तसं झालंच तर पुसायचा मोह आवरा. एक दिवस वाळू द्या आणि सँडपेपरने काढा.

पुढचे चोवीस तास त्या सांध्याला हात लावायचा नाही. अठ्ठेचाळीस असतील तर उत्तम. वळी वरून तासाभरात कडक लागते, पण आतला द्राव हळूहळू उडत असतो आणि तो उडतो तसं प्लास्टिक आक्रसतं. त्याआधी घासलं तर पृष्ठभाग त्या दिवशी गुळगुळीत दिसतो. नंतर सांधा आत बसतो आणि रंगाखालून खोलगट रेघ उमटते. सुरुवातीला सांगितलेली ती रेघ हीच.

वाळल्यावर पातं सांध्याला जवळपास काटकोनात धरून वळी खरवडा, मग ४००, ६००, ८००, १००० असं ओल्या सँडपेपरने चढत जा. गोलाई असेल तिथे कागद स्पंजच्या तुकड्याला गुंडाळा, नाहीतर विमानाची पाठ चपटी होते. जवळच्या पॅनल रेषांवर, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषांवर, टेपचे दोन थर द्या. तरी बुजल्याच, तर जाड, ताठ चिकटपट्टीच्या आधाराने सुईसारख्या टोकाने हलक्या हाताने पुन्हा कोरा. पाच हलके फेरे मारा. एकाच जोरकस फेऱ्यात टोक घसरतं.

अर्ध्या मिलिमीटरहून मोठी फट पुट्टीने भरण्यापेक्षा तिच्यात प्लास्टिक शीटची चीप बसवा. पुट्टी वाळताना आक्रसते, म्हणून ती दोन वेळा आणि पातळ भरावी. फट भरायला सुपरग्लू वापरला तर तासाभरात घासून घ्या. दुसऱ्या दिवशी तो भोवतालच्या प्लास्टिकहून कठीण होतो, मग घासताना प्लास्टिकच झिजतं आणि गोंदाचा उंचवटा तसाच राहतो.

धड बंद करण्याआधी एक आठवण: नाकाखाली चाक असलेल्या विमानाला पुढे वजन लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. पंख आणि शेपटी टेपने तात्पुरती लावून, मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून पाहा. नाक स्पष्टपणे खाली गेलं पाहिजे. वजनासाठी स्टीलचे नट बरे. शिशाचे छर्रे पांढऱ्या पीव्हीए गोंदात बसवू नका. गोंदातल्या आम्लाने शिसं गंजून फुगतं आणि काही वर्षांनी बंद नाक आतून फाटतं.

प्रायमर आणि रंग

करड्या प्रायमरचं खरं काम तपासणीचं. दोन रंगांच्या प्लास्टिक-पुट्टीवर लपणारा ओरखडा एकरंगी करड्यावर लगेच दिसतो. पातळ थर द्या, दिव्याखाली फिरवून पाहा, दिसलेला दोष भरा, घासा, पुन्हा थर द्या. हे दोनदा करावं लागलं तर काम नीट चाललंय असं समजा.

रंग निवडताना द्रावकाची ताकद बघा. लॅकर सगळ्यात जोरदार, ते खाली. ॲक्रिलिक आणि इनॅमल त्यावर. ओल्या-सुक्या इनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो. तामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग स्वतःच्या थिनरने किंवा लॅकर थिनरनेही छान पातळ होतात. व्हॅलेहो कंपनीच्या रंगांसारख्या पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये मात्र लॅकर थिनर टाकला की कपात गोळे होतात. त्यांना त्यांचाच थिनर द्या आणि खाली प्रायमर ठेवाच, कारण नुसत्या प्लास्टिकवर त्यांची पकड कमी असते.

एअरब्रशला ०.३ मिमीचं नॉझल, १५ ते २० पीएसआय दाब, आणि पाच ते दहा सेंटीमीटर अंतर ही सुरुवात. रंग दुधाइतका पातळ करा. कपाच्या भिंतीवर वर ओढलेला रंग एकसंध पडदा सोडत खाली आला पाहिजे. थर खरखरीत आला तर रंग वाटेतच वाळतोय, म्हणून जवळ या किंवा थिनर वाढवा. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर रंग फार पातळ आहे किंवा दाब जास्त आहे. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर रंग फार घट्ट आहे. हवा खेळती ठेवा आणि सेंद्रिय वाफांसाठीचा, बदलत्या काडतुसांचा मास्क लावा. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

ब्रशनेही सुंदर काम होतं. दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, आणि अर्धवट वाळलेल्या जागी ब्रश परत नेऊ नका. तामियाचा ॲक्रिलिक ब्रशखाली खालचा थर उचलतो, म्हणून ब्रशसाठी पाण्याचे रंग जास्त सोयीचे.

डेकल

मॅट, म्हणजे बिनचमकीचा, रंग स्पर्शाला गुळगुळीत वाटला तरी तो सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर डेकल ठेवलं की खड्ड्यांत हवा अडकते आणि भोवतीची पारदर्शक फिल्म चंदेरी चमकते. यावर उपाय आधीच करायचा: डेकलच्या आधी ग्लॉसचे, म्हणजे चकचकीत पारदर्शक लेपाचे, दोन-तीन पातळ थर आणि किमान एक दिवस विश्रांती.

एका वेळी एकच डेकल कापा. चिमट्याने दहा-पंधरा सेकंद पाण्यात बुडवा आणि ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत ठेवलं तर मागचा गोंद धुऊन जातो. जागेवर मायक्रो सेट या डेकल बसवायच्या द्रवाचा थेंब लावा. यात ॲसिटिक आम्ल असतं, व्हिनेगरचा वास त्याचाच. डेकल कागदासकट जागेशी न्या आणि ओल्या ब्रशने कागदावरून सरकवा. नीट बसलं की ओलसर कापसाच्या काडीने मधून कडांकडे पाणी दाबून काढा.

आता मायक्रो सोल. हा फिल्म मऊ करतो. मिनिटाभरात डेकल सुरकुततं आणि आता ते वाया गेलं असं वाटतं. अशा वेळी हात पाठीमागे घेऊन बसा. या अवस्थेत ब्रश लागला तरी ते फाटतं. तासाभरात सुरकुत्या आपोआप बसतात आणि पॅनल रेषा डेकलमधून दिसू लागते. कुठे रेषेवर डेकल पुलासारखं ताणलेलं राहिलं, तर वाळल्यावर नव्या पात्याने त्या रेषेतून चीर द्या आणि पुन्हा सोल लावा. चंदेरी बुडबुडा दिसला तर सुईने दोन-तीन भोकं पाडा आणि तेच करा.

जुन्या किटचं पिवळं पडलेलं डेकल कागदासकट खिडकीच्या काचेवर काही दिवस उन्हात चिकटवून ठेवलं तर बरंच उजळतं. ते पाण्यात तुकडे होतंय का, हे आधी नको असलेल्या एखाद्या खुणेवर तपासा. होत असेल तर डेकलच्या पूर्ण कागदावर ग्लॉसचा थर द्या आणि मग प्रत्येक डेकल कडेला लागून कापा. सगळी डेकल लागली की गोंदाचे डाग ओल्या फडक्याने टिपा आणि पुन्हा एक ग्लॉस थर द्या.

वॉश आणि शेवट

त्या थरावर पॅनल रेषांत इनॅमल वॉश, म्हणजे थिनरने खूप पातळ केलेला गडद इनॅमल रंग, सोडा. हलक्या रंगाच्या विमानाला काळ्यापेक्षा गडद करडा किंवा तपकिरी जास्त खरा दिसतो. पंधरा-वीस मिनिटांनी, थिनरला जेमतेम ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने, पंखावर पुढून मागे पुसा. राहिलेला हलका डागही मग वाऱ्याच्या दिशेनेच दिसतो. उघड्या प्लास्टिकवर वॉश साचू देऊ नका. ताणाखाली असलेल्या भागाला इनॅमल थिनरने तडे जातात, आणि चाकांच्या दांड्या याला पहिला बळी पडतात.

दमट हवेत मॅट कोट मारू नका. उडणाऱ्या द्रावकाने पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि थर दुधाळ होतो. तसं झालं तर कोरड्या दिवशी ग्लॉसचा पातळ थर द्या. बहुतेक वेळा रंग परत येतो. मॅटची बाटली दोन मिनिटं हलवल्याशिवाय उघडू नका, नाहीतर तळाशी बसलेली पूड शेवटच्या थरात एकदम येते आणि पांढरे ठिपके पडतात.

चाकं, अँटेना असे पटकन मोडणारे भाग आता लावा. सुट्या पारदर्शक भागांना पीव्हीए गोंदच वापरा, सुपरग्लूची वाफ काच धुरकट करते. रंग देण्याआधी कॉकपिटच्या काचेवर लावलेली मास्किंग टेप सगळ्यात शेवटी काढायची. आधी टेपच्या कडेने पात्याचं टोक अगदी हलकं फिरवा, म्हणजे रंगाचा थर तुटतो आणि टेपबरोबर उचलला जात नाही. मग कोपरा सुईने उचलून टेप स्वतःवरच दुमडत, काचेला लगटून हळू ओढा. आत शिरलेला रंग टोकदार लाकडी टूथपिकने खरवडता येतो. पातं किंवा थिनर तिथे नेऊ नका.