स्पॅनिश आडनावाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

चेल्सी या लंडनच्या फुटबॉल क्लबचा माजी कप्तान सेझार अझ्पिलिकुएता. लंडनमध्ये त्याचं आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी त्याला सरळ 'डेव्ह' करून टाकलं. त्यांचा प्रश्न मिटला. माझ्याकडे मात्र दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी असंच एखादं लांबलचक स्पॅनिश आडनाव घेऊन येतं. मी पुण्यात स्पॅनिश शिकवतो, कागदपत्रांची भाषांतरं करतो. "सर, याचं मूळ जरा बघता का?" यातला 'जरा' ऐकला की माझं डोकं दुखायला लागतं. जरा असं काही नसतं. आणि चुका तर इतक्या ठरलेल्या असतात की आता एकदाच लिहून ठेवतो.

उदाहरणाला हेच आडनाव घेऊ. स्पेनच्या उत्तरेला नवारा प्रदेशात बास्तान नावाचं खोरं आहे. बास्क भाषा बोलणारा मुलूख. तिथे अझ्पिलिकुएता नावाचं छोटंसं गाव आहे आणि आडनाव त्या गावावरून पडलं. चिपळूणचा तो चिपळूणकर, तसंच. म्हणजे मूळ दोन ओळींत संपलं. घोळ सुरू होतो तो पुढे, कोण या नावाचं, किती जण आणि कुठे राहतात हे बघायला गेलं की.

पहिली चूक, आणि हिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग : शेवटचा शब्द म्हणजे आडनाव.

आपल्याला सवय असते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शेवटचं उचललं की झालं. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, सहसा आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. आपल्या फुटबॉलपटूचं पूर्ण नाव सेझार अझ्पिलिकुएता तान्को. त्याचा 'मिस्टर तान्को' करणं म्हणजे त्याच्या आजोळच्या नावाने त्याला हाक मारणं. लग्नानंतर बायकांची आडनावं बदलत नाहीत, हेही लक्षात ठेवा. नवरा-बायकोचं आडनाव एकच दिसलं तर ते आधीपासूनच तसं होतं.

हे मी वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतो. तरी मीच यात आपटलो. काही वर्षांपूर्वी अर्जेंटिनाच्या एक बाई नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात होत्या. त्यांचे पणजोबा नवारातून बोटीने गेलेले. बाईंकडे अर्जेंटिनातला एक पिवळा पडलेला कागद होता आणि त्यात पणजोबांच्या नावात सगळ्यात शेवटी होतं 'अस्पिलकुएता'. बाई आडनाव म्हणून तेच सांगत होत्या आणि मी तेच धरून बसलो. स्पेनमध्ये सरकारी जन्मनोंदणी 1871 पासून आहे, पणजोबांचा जन्म त्यानंतरचा, म्हणजे दाखला मिळायला हवा. अर्जात पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव असे दोन रकाने असतात. पहिल्यात मी अस्पिलकुएता भरलं, दुसरा रिकामा सोडला आणि खुशाल पाठवून दिलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं : अशी नोंद नाही. मी तिथल्या कार्यालयाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. गावच चुकलं असेल म्हणून शेजारच्या गावाला अर्ज केला. पुन्हा तेच. एका रात्री तो कागद परत समोर घेतला आणि लख्ख दिसलं, की शेवटचं आडनाव पणजोबांच्या आईचं होतं. वडिलांचं आडनाव त्याच्या अलीकडे होतं आणि मी ते मधलं नाव समजून सोडून दिलं होतं. वीस वर्षं स्पॅनिश शिकवणारा माणूस!

बरं, रकाने नीट भरले तरी तिसऱ्यांदाही नोंद सापडली नाही. तिथे दुसरी चूक दबा धरून बसली होती : एकच स्पेलिंग.

लॅटिन अमेरिकेत झेडचा उच्चार 'स' होतो. कारकून ऐकेल तसं लिहितो, म्हणून झेडच्या जागी एस आला. मधला आय जुन्या कागदांत कधी असतो, कधी नसतो. अझ्पिलिकुएताही खरं, अझ्पिलकुएताही खरं. त्यात आता बास्क पद्धतीने सीच्या जागी के लिहिणारेही आहेत आणि कायद्याने तसं बदलून घेता येतं. एकाच गावावरून आलेलं नाव कागदावर चार-पाच तोंडांनी हिंडत असतं. यंत्राला ते कळत नाही. यंत्राच्या लेखी ही चार वेगळी आडनावं. बाईंची नोंद शेवटी झेड आणि आयसकट सापडली.

माझी आता सवय अशी : शोधाला बसायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर हाताने सगळी रूपं लिहून काढायची. बी-व्ही, झेड-एस, सी-के, वाय-आय, जे-जी-एक्स, आणि एच आहे की गाळलाय. हिमेनेस हे नाव एक्सनेही लिहितात, जेनेही, जीनेही. एचेवेरिया तर विचारूच नका. शोधून झालं की त्या रूपावर काट मारायची. कुणी म्हणेल संगणकावर तक्ता कर. मला हातानेच बरं पडतं, अक्षर लिहिताना कारकून कुठे चुकला असेल ते सुचतं.

आता जुन्या काळाकडे. लोक आजची पद्धत उचलून पाचशे वर्षं मागे नेतात : बापाचं आडनाव मुलाला, मुलाचं नातवाला, अशी सरळ रेघ मारत जातात आणि घराणं तयार. तेव्हा असं नव्हतं. दाखला हवा तर जुन्या गोव्यात जा. बाँ जेझुस बॅसिलिकात ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर या अझ्पिलिकुएतांच्या लेकीचा मुलगा. आई मारिया दे अझ्पिलिकुएता. वडील हुआन दे हास्सो, नवाराच्या राजाच्या दरबारातले बडे अधिकारी. हास्सो हेही गावाचंच नाव, आज ते फ्रान्सच्या हद्दीत येतं. फ्रान्सिसचा जन्म 1506 चा, हाव्हिएरच्या गढीत, आणि ती गढी आईकडून आलेली. आता भावंडं बघा. एक भाऊ मिगेल दे हास्सो. दुसरा कॅप्टन हुआन दे अझ्पिलिकुएता. पॅरिसला शिकत असताना 1535 मध्ये फ्रान्सिसने पत्र लिहिलं ते याच भावाला. आणि तिसऱ्याने, म्हणजे खुद्द फ्रान्सिसने, गढीचं नाव लावलं. एका आईच्या पोटची तीन मुलं, आडनावं तीन. सरळ रेघ मारणारा माणूस इथे तीन घराणी मोजून मोकळा होईल.

आणि त्या गढीच्या नावाचं मूळ? बास्क भाषेत एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. नवं घर. त्याचं घासून घासून हाव्हिएर झालं, पोर्तुगीजांच्या तोंडी शाव्हिएर, इंग्रजीतून आपल्याकडे झेवियर. वर जे एचेवेरिया आलं तेही हेच. मुंबईत झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या कुणाला हे सांगितलं की पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवत नाही.

याच आडनावाचे आणखी दोघे इतिहासात सापडतात आणि दोघांनाही शोधायला गेलं की माणसं चुकीच्या कपाटात हात घालतात. मार्तिन दे अझ्पिलिकुएता, संतांच्या आईकडच्या नात्यातला, सालामांका आणि कोइंब्राला शिकवणारा मोठा धर्मशास्त्री, 1586 मध्ये रोममध्ये वारला. त्याला जग 'डॉक्टर नवारो' म्हणून ओळखतं, कारण तो नवाराचा. दुसरा हुआन, जेझुइट पाद्री, 1549 मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याही नावाला शेपटी नवारो. म्हणजे प्रदेशाचं नाव आडनावावर चढून बसलं. परगावी गेलं की असं व्हायचंच.

आता आकडे. आडनाव किती जणांचं, हा प्रश्न अधीर मंडळींचा लाडका. जगभरची आडनावं मोजून देणाऱ्या साइट उघडायच्या, एक आकडा उचलायचा, रंगीत नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मी यातलं काही बघत नाही. स्पेनची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था आहे, आयएनई, तिथले लोक 'इने' म्हणतात. तिच्या साइटवर कुठलंही आडनाव फुकट बघता येतं. तीन आकडे मिळतात : पहिलं आडनाव म्हणून किती, दुसरं म्हणून किती, आणि दोन्ही तेच असलेले किती. इथे लोक तिन्हींची बेरीज करतात! समजा पहिलं 300, दुसरं 290 आणि दोन्ही 5. मग माणसं 595 नव्हेत, 585. ते पाच जण आधीच्या दोन्ही आकड्यांत येऊन गेलेत, ते वजा करायचे. आणि एकच आडनाव लावणाऱ्या देशाशी तुलना करायची असेल तर फक्त पहिला आकडा धरा. गार्सिया हे स्पेनमधलं सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव, पहिलं म्हणूनच चौदा लाखांच्या वर. त्यापुढे आपलं हे मूठभर. पण मूठ मोजायलाही शिस्त लागते.

दुसरं म्हणजे, देशभरात वीसपेक्षा कमी जणांचं आडनाव इने दाखवतच नाही आणि एखाद्या प्रांतात पाचपेक्षा कमी असले तर तो प्रांतही झाकलेला राहतो. कोरं दिसलं म्हणजे शून्य नव्हे. शिवाय नावं तिथे आघातचिन्हांशिवाय असतात, त्यावरून दोन आडनावं एक झाली म्हणून आरडाओरड करू नका. वेगळी स्पेलिंगं मात्र एकेक करून टाकावी लागतात, वही तिथेही लागते.

नकाशाचं तर स्वतंत्र दुखणं आहे. नकाशा रंगतो तो दर हजारी प्रमाणावर. सोरिया प्रांताची वस्ती जेमतेम नव्वद हजार. तिथे नऊ जण असले की झालं हजारी 0.1. माद्रिदमध्ये सत्तर लाख माणसं, तोच रंग यायला सातशे लागतील. एका विद्यार्थ्याने असा गडद ठिपका पाहून "मूळ गाव सापडलं" म्हणत पेढे आणले होते. ते नऊ जण म्हणजे एखाददुसरं कुटुंब असू शकतं, बदली होऊन आलेलं. पेढे मी खाल्ले, मग सांगितलं. उलटही होतं, की माद्रिद-बार्सिलोनात आकडा मोठा दिसतो. 1950 नंतर खेड्यापाड्यातली माणसं कामासाठी तिकडे लोटली, त्यांची नातवंडं ती. आजचा पत्ता म्हणजे मूळ नव्हे.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश आडनाव दिसलं म्हणून स्पॅनिश रक्त शोधत बसू नका. 1849 मध्ये तिथल्या गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढला आणि आडनावांची छापील यादी गावोगाव धाडली, तीतून लोकांना नावं वाटली. काही गावांत तर सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. गोव्याच्या मंडळींना हे समजवावं लागत नाही. तिथे फर्नांडिस, रॉड्रिग्ज आले ते बाप्तिस्म्याच्या वेळी. त्यांच्या शेवटी पोर्तुगीज एस, स्पॅनिश फेर्नांदेसच्या शेवटी झेड. एवढं एक अक्षर पाहिलं असतं तर निम्मे प्रश्न माझ्यापर्यंत आलेच नसते.

'दे' दिसला म्हणजे सरदार घराणं? नाही. 'दे' म्हणजे 'चा'.

एक्स्पोसितो आडनावात पूर्वज शोधताना हळू. ते अनाथालयाच्या दारात ठेवलेल्या बाळांना लावायचे.

ज्यू आडनावांची 'अधिकृत' यादी. 2014 च्या सुमारास 5,220 नावांची एक यादी फिरली, यात तुमचं आडनाव असेल तर स्पेनचं नागरिकत्व मिळणार म्हणून. सरकारने ती खोटी असल्याचं सांगितलं. सेफार्दी ज्यूंसाठीचा, म्हणजे पूर्वी स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांसाठीचा, कायदा खरोखर 2015 मध्ये झाला, पण नुसत्या आडनावावर त्यात काही मिळत नव्हतं. ती यादी अजून फिरतेच आहे. मला वर्षाला दोनदा तरी येते.

शब्द फोडून अर्थ लावणं. बास्क शब्दकोशात 'अझ्पी' म्हणजे खाली, हे कुणाला तरी सापडतं आणि लगेच अझ्पिलिकुएता म्हणजे 'खालच्या आळीतले'. शेवटचं 'एता' हे जागा दाखवणारं शेपूट आहे, हे खरं. सुबिएतामध्ये सुबी म्हणजे पूल, अरिएतामध्ये आरी म्हणजे दगड. पण तेवढ्यावर पुढचा अर्धा शब्द जुळवायचा नसतो. सातारकरांचा अर्थ सात ताऱ्यांवरून काढण्यातला प्रकार आहे हा. आडनाव गावावरून आलं, इथे थांबा.

आणि ढाल. आडनावाची म्हणून चिन्हं छापलेल्या फ्रेमा, कप, किल्लीच्या साखळ्या स्पेनभर विकायला असतात. कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एखाद्या विशिष्ट घराण्याला मिळतं, त्याच आडनावाच्या शेजाऱ्याचा त्याच्याशी संबंध नसतो. बास्तानमध्ये मजा अशी की तिथे अख्ख्या खोऱ्यालाच हिडाल्गो, म्हणजे खानदानी, मानलं गेलं, 1440 च्या निवाड्याने. म्हणून तिथे घराघरांवर बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्या-पांढऱ्या चौकटींची ढाल दगडात कोरलेली दिसते. ती खोऱ्याची. कुठल्या एका आडनावाची नव्हे. हे मी अर्जेंटिनाच्या त्या बाईंना तीनदा समजावलं, एकदा तर कागदावर चौकटी काढून.

दाखला मिळाल्यावर त्या बास्तानला जाऊन आल्या. येताना माझ्यासाठी कप आणला. वर काळ्या-पांढऱ्या चौकटी, खाली ठळक अक्षरांत अझ्पिलिकुएता. मी त्यात पेनं ठेवतो.