गुनुंगकिदुलच्या गावात राहायला जायचं असेल तर

माझी सून जावा बेटावरच्या गुनुंगकिदुलची आहे. मुलगा सिंगापूरला नोकरीला होता, तिथं दोघांचं जमलं. लग्नानंतर मी व्याह्यांच्या गावी दोनदा राहून आले, दोन्ही वेळा दोन-दोन महिने. तेव्हापासून आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या बाजारात भेटेल तो मला दोनच गोष्टी विचारतो: तिकडं जायला काय लागतं, आणि तिकडं जमीन घेता येते का. दुसऱ्या प्रश्नापायी आमच्या घरातले पैसे बुडाले आहेत, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी मुलूख कसा आहे ते सांगते. इंडोनेशिया म्हटलं की बालीची पायऱ्या-पायऱ्यांची हिरवी भातशेती डोळ्यांपुढं येते. गुनुंगकिदुल तसं नाही. योग्यकर्ता प्रांताचा हा दक्षिणेकडचा डोंगराळ जिल्हा, बराचसा चुनखडीचा. पाऊस आपल्यापेक्षा जास्त पडतो, पण खडकाच्या भेगांतून खाली उतरून जमिनीखालच्या नद्यांना मिळतो. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पावसाळा. तेवढ्यात पावसावरचा भात, मका, भुईमूग आणि कसावा काढायचा. ऑगस्ट-सप्टेंबरात टँकर फिरतात. घराच्या पन्हाळीखाली पावसाचं पाणी धरायला सिमेंटची टाकी असते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे मी विहीणबाईंना सांगितलं, तेव्हा त्या उठल्या आणि मला घेऊन टाकीपाशी गेल्या. आत काठी बुडवून ओली खूण दाखवली. सून मधे नव्हती, तरी आम्हाला एकमेकींचं कळलं.

जाणं

पासपोर्टची मुदत पोचण्याच्या दिवसापासून पुढं सहा महिने तरी हवी. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, आधी ऑनलाइनही काढता येतो. फी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नका, १० हजार रुपिया म्हणजे ढोबळमानानं आपले ५०-५५ रुपये. हा व्हिसा ३० दिवसांचा, एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतो. वाढवायचं काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि या व्हिसावर मजुरीनं किंवा पगारावर काम करता येत नाही.

मुंबईहून जकार्ता किंवा क्वालालंपूरला विमान बदलून योग्यकर्ताच्या नव्या विमानतळावर उतरायचं. तो शहरापासून बराच लांब, कुलोन प्रोगो जिल्ह्यात आहे; तिथून शहराच्या मोठ्या स्टेशनपर्यंत रेल्वे आहे, पाऊण तासाच्या आत पोचवते. पुढं मात्र गुनुंगकिदुलला रेल्वे नाही. गिवांगान बसस्थानकावरून वोनोसारीची बस धरायची. वोनोसारी हे जिल्ह्याचं ठिकाण, शहरापासून साधारण ४० किलोमीटर, मधे पातुकचा घाट. वोनोसारीपासून खेड्यात जायला कुणीतरी मोटारसायकल घेऊन येणारं हवं, ते घरून निघण्याआधीच ठरवा. मोबाईलवर गाडी बोलवायची सवय शहरात चालते, वाडीवर तिचा भरवसा धरू नका. रमजान ईदच्या आगेमागे अख्खा देश गावाकडं निघतो, रेल्वे-बसची तिकिटं मिळत नाहीत. त्या पंधरवड्यात प्रवास टाळा.

गावात पाय ठेवल्यावर

पहिल्याच संध्याकाळी पासपोर्टची झेरॉक्स घेऊन आरटीकडं जायचं. आरटी म्हणजे तीस-चाळीस घरांचा एक गट आणि त्याचा निवडलेला प्रमुख. त्यावर आरडब्ल्यू, म्हणजे अशा काही गटांचा मिळून प्रमुख, त्यावर वाडीचा 'दुकुह', आणि सगळ्या गावाचा 'लुराह', म्हणजे सरपंच. पाहुण्यानं चोवीस तासांत कळवावं असे फलक वाडीच्या तोंडाशीच लावलेले असतात. आमच्या व्याह्यांनी मला घरात पाणी देण्याआधी हे काम उरकलं. मला आधी ते जरा लागलं. नंतर कळलं, त्या भेटीनं सगळ्या वाडीला माझं नाव ठाऊक झालं होतं. दुसऱ्या दिवशी वाटेत भेटणारी बाई मला 'इबू', म्हणजे आई, म्हणून थांबवत होती.

दाराशी गेलं की बाहेरूनच 'कुलो नुवुन' म्हणायचं आणि 'मोंगो' ऐकू आल्यावर चपला काढून आत शिरायचं. वडीलधारे बसलेले असतील तर त्यांच्यापुढून जाताना वाकून, उजवा हात खाली धरून 'नुवुन सेवु' म्हणत जायचं. दाखवायचं असेल तर बोटानं नाही, अंगठ्यानं. देणंघेणं उजव्या हातानंच. जावानीज भाषेत मोठ्यांशी बोलायचे शब्दच वेगळे असतात. ते न येणाऱ्यानं साधी इंडोनेशियन बोलावी, कुणी राग धरत नाही. नामा, भूमी, गुरू, स्वामी हे आपलेच शब्द थोड्या फरकानं कानावर पडतात, त्यामुळं आठ-दहा दिवसांत धीर येतो.

खाण्याचं सांगते, कारण आमच्यासारख्या माळकऱ्यांना तिथंच अडतं. 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. 'तिदाक माकान दागिंग, इकान, उदांग, तलुर', म्हणजे मांस, मासे, कोळंबी, अंडी खात नाही, असं एकेक नाव घेऊन सांगा. तरीही चटणीत 'तेरासी' असते, वाटलेल्या कोळंबीची. ती वेगळी विचारा. पोट भरायला टेंपे आहे. आपल्या लातूर भागात सोयाबीन पोत्यांनी पिकतं आणि तेलाच्या गिरणीला जातं. तिकडं ते माणसं खातात. भिजवून, टरफल काढून, शिजवून, गार झाल्यावर बुरशीचं विरजण लावतात आणि केळीच्या पानात बांधतात. दीड-दोन दिवसांत घट्ट वडी होते, ती तळायची. एवढं खाणारा देश बहुतेक सोयाबीन अमेरिकेतून आणतो, हे ऐकून मी किती तरी वेळ गप्प बसले होते. दुसरं म्हणजे कसावा, ज्याचा आपण साबुदाणा करतो. वाळवलेल्या कसाव्याच्या पिठाचं वाफवलेलं 'तिवुल' हे इथलं जुनं गरिबीचं अन्न, दिसायला सांज्यासारखं.

बाजार वारावर भरत नाही. जावात सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचं एक जुनं चक्र चालतं: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. अमक्या गावचा बाजार पोनला, तमक्याचा वागेला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन्ही लिहिलेलं असतं, ते वाचायला पहिल्याच दिवशी शिका. वीज बहुतेक घरी आधी पैसे भरून घेतात. मीटर टुंईटुंई वाजू लागला की दुकानातून वीस आकडी नंबर आणून दाबायचा.

रात्री पाळीनं गस्त असते. घराबाहेर छोटा डबा टांगलेला दिसेल, त्यात घरधन्यानं मूठभर तांदूळ किंवा एखादं नाणं टाकायचं, गस्तवाले गोळा करून गावाच्या कामाला लावतात. याला 'जिम्पितान' म्हणतात. पाहुणे असलात तरी तुमच्या वाटचं टाका. कुणाकडं कार्य असेल तर बायका आदल्या दिवशीच चिरायला-वाटायला जातात, आणि घर बांधायचं असेल तर पुरुष बिनमजुरी हात लावतात, आपल्या इर्जिकीसारखं. मी खोबरं खवायला बसले. त्या दिवसानंतर मला कुणी परकं मानलं नाही.

जमिनीचं

आता नीट वाचा. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० चा आहे. पूर्ण मालकी, जिला 'हाक मिलिक' म्हणतात, ती फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला ती सरळ किंवा आडवळणानं द्यायचा व्यवहार केला तर व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

आमच्या मुलाला एका मध्यस्थानं सांगितलं की गावातल्या एका पोराच्या नावावर घ्या, मागून एक कागद करून ठेवू की खरे मालक तुम्ही. सगळे असंच करतात म्हणाला. मुलानं इसार म्हणून साडेतीन लाख रुपये दिले, बायकोलाही नंतर सांगितलं. महिन्याभरात मध्यस्थाचा फोन लागेना. वकिलानं तो मागचा कागद वाचला आणि म्हणाला, हा कोर्टात दाखवलात तर तुमच्याच विरुद्ध जाईल. सुनेनं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं. तिचं म्हणणं एवढंच, की मला आधी विचारायचं होतं.

तिचा राग मला पटला. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे, बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तिकडं तर १९६१ चा नियम असाही आहे की शेतजमिनीचा मालक त्याच 'कचामातान'मध्ये, म्हणजे आपल्या महसूल मंडळासारख्या भागात, किंवा त्याला लागून असलेल्या भागात राहणारा हवा. शहरात बसून खेड्यातलं शिवार धरून ठेवणं त्यांच्या देशवासीयांनाही मना आहे.

बायको तिथली असेल तर? तिच्या नावावर घेता येते, पण नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून मालमत्ता वेगळी ठेवण्याचा नोटरीकडचा करार आधी हवा. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे; तिथल्या संविधान न्यायालयानं २०१६ मध्ये लग्नानंतरही करायची मुभा दिली. आमच्याकडं आता तो झाला आहे. जमीन सुनेची, मुलाची नाही, हे ज्याला पचत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये.

कागद बघताना 'सर्तिफिकात' मागा, भूमी कार्यालयानं दिलेलं. 'गिरिक' किंवा 'लेटर सी' दाखवतील. तो गावच्या वहीतला उतारा, सारा कोण भरत होतं एवढंच सांगतो. आपला सातबारा तरी कुठं मालकीचा शेवटचा पुरावा आहे, तसंच. खरेदीखत 'पीपीएटी' या अधिकृत लेखकापुढंच होतं. विकणाऱ्याला अडीच टक्के कर, घेणाऱ्याला पाच टक्क्यांपर्यंत.

योग्यकर्ता प्रांतात आणखी एक भानगड आहे. तिथला सुलतान हाच राज्यपाल असतो, आणि 'सुलतान ग्राउंड' म्हणून राजघराण्याची जमीन गावोगाव आहे. २०१२ च्या कायद्यानं ती राजघराण्याची म्हणून मान्य झाली. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर राहतात, पण परवानगीपत्रावर. ज्यांच्या घरात निजामाच्या सर्फ-ए-खास, म्हणजे खाजगी मालकीच्या, जमिनीच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. तशीच गावकामगारांना पगाराऐवजी कसायला दिलेली जमीन, आपल्या जुन्या वतनासारखी. या दोन्हींचा सौदा कुणी सांगितला तर उठून या.

मग परदेशी माणसानं काय करावं? भाड्यानं घ्यावं. घर वर्षाच्या कराराने मिळतं. शेत सालानं देतात, किंवा 'मारो', म्हणजे निम्म्या बटईनं, किंवा तिसऱ्या हिश्शानं. कागद करा, त्यावर दहा हजारांचं सरकारी तिकीट लावा, आणि दुकुहला साक्षीदार घ्या. बांधावरचा साग कुणाचा, टाकीतलं पाणी कुणाचं, हे त्यात लिहून घ्या. तिथं साग म्हणजे लेकराच्या लग्नाची पुंजी, त्यावरून भांडणं होतात. जमीन गहाण ठेवण्याचीही चाल आहे, पण १९६० च्याच दुसऱ्या एका कायद्यानं सात वर्षं झाली की शेतजमीन पैसे न घेता परत द्यावी लागते.

घर बघताना

हे मी सगळ्यात कळकळीनं लिहिते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आमच्या दगड-मातीच्या घरात होते. माणसं मारली ती भिंतींनी आणि माळवदाच्या मातीनं. योग्यकर्तालाही २७ मे २००६ ला पहाटेच भूकंप झाला, पाच हजारांवर माणसं गेली. तिथं जुनी घरं 'लिमासान' पद्धतीची, सागाच्या खांबांची, वर कौलं. सांधे खुंटीनं बसवलेले असतात, हलतात पण सहसा एकदम कोसळत नाहीत. अशी घरं खोलून दुसऱ्या गावी नेऊन उभी करता येतात, आणि तिकडच्या रूढीत जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं असू शकतं. भाड्यानं घेताना असं लाकडी घर मिळालं तर तेच घ्या. विटांचं असेल तर कोपऱ्यात सिमेंटचे खांब आहेत का, भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा फिरवलाय का, विटांवर विटा नुसत्या मातीत रचल्यात का, हे हात लावून बघा. आणि झोपायचं ते दाराजवळ.

सुगी झाली की 'रसुलान' येतो, गावाचा सण. धान्य-भाज्यांचा उंच डोंगर रचून मिरवतात, घरोघर जेवणं. मला आमच्याकडची येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आठवली, कोपीत बसून खाल्लेली भज्जी आणि अंबील. जाताना ज्वारीचं बी नेऊ म्हणाल तर नेऊ नका, कागदपत्रांशिवाय बियाणं विमानतळावर जप्त होतं. मी सोलापुरी चादर नेली. जुलै-ऑगस्टच्या रात्री तिथं गारठा पडतो, विहीणबाई तीच पांघरून निजत होत्या.