पान मलूल दिसलं तरी आधी वजनकाटा काढा

एप्रिलमध्ये दुपारी चारला आमच्या कोथरूडच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत उभं राहवत नाही. महाबळेश्वरहून हौसेने आणलेला हायड्रेंजिया तिथे रोज मान टाकायचा, आणि मी लगेच तांब्याभर पाणी ओतायची. महिन्याभरात मुळं कुजली. माती ओलीच होती हो! पानं पाणी उडवत होती त्या वेगाने मुळांना ते वर पोचवता येत नव्हतं, इतकंच. दिवेलागणीला तो आपला आपण सावरला असता.

तेव्हापासून पानं किती पाणी उडवतात ते मी मोजते. जास्वंदीची वीतभर फांदी घ्या, देठ बादलीतल्या पाण्यात बुडवून तिथेच कापा. हवेत कापली तर नळ्यांत हवा शिरते आणि पाणी चढणं अडतं. अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी भरून फांदी ठेवा, वर चमचाभर गोडेतेल सोडा. तेलामुळे बाटलीतल्या पाण्याची वाफ होत नाही. कमी होईल ते पानांतूनच. आता स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन लिहून ठेवा. १ ग्रॅम घटलं म्हणजे १ मिलिलिटर गेलं. कुंडी मोजायची असेल तर मातीवर प्लास्टिकची पिशवी खोडाभोवती घट्ट बांधा. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या पाद्र्यांनी १७२४ साली सूर्यफुलाची कुंडी अशीच मोजली होती, फक्त झाकायला शिशाचा पत्रा होता.

मग फांदी तीच ठेवून एकेका दिवशी एकच गोष्ट बदला. सावली, ऊन, पंखा. पंख्याने वेग वाढतो, कारण पानाला चिकटलेला दमट हवेचा थर उडून जातो. पण वारा कोरडा आणि कडक असेल तर पान आपली रंध्रं, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, मिटून घेतं आणि आकडा उलट खाली येतो. हे पाहून मी पहिल्यांदा काट्यालाच दोष दिला होता. पानांच्या खालच्या बाजूला व्हॅसलिन चोपडा: वजन जेमतेम हलतं, कारण जास्वंदीची बहुतेक रंध्रं खालीच असतात. अंधारात तीही बंद. कोरफडीचं मात्र उफराटं, ती रात्री उघडते. कण्हेरीची रंध्रं पानाखालच्या केसाळ खळग्यांत लपलेली, म्हणून ती रस्त्याच्या दुभाजकातही तग धरते.

जुलैत पुन्हा मोजा. चार दिवस झड लागली की तीच जास्वंद कशीबशी दोन घोट पिते, कारण हवेतच इतकी वाफ असते की पानातल्या वाफेला बाहेर पडायला जागा नाही. तरी आमच्या सोसायटीत रोज सकाळी कुंड्यांवर पाईप चालूच!

कुंडी कधी भरायची? मी दुपारी बघतच नाही. सकाळी सातला पान मलूल असेल तरच पाणी, नाहीतर पडदा ओढून चार ते सहा सावली.