दोन शब्द नात्यातले आहेत का, कसं ओळखायचं

परवा गोकुळपेठच्या मार्केटात पावभर भेंडी अन् दहाचा सांबार घेत होतो (आपल्याकडे नागपुरात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात), तर सोबतची भाची विचारते, मामा, पावभरमधला पाव अन् वडापावमधला पाव एकच का? फार चांगला प्रश्न. एकच नाहीत. पावभरचा पाव संस्कृत 'पाद' म्हणजे चौथा भाग, त्यातून आला, अन् खायचा पाव पोर्तुगीजांसोबत आला, त्यांच्या ब्रेडच्या शब्दावरून.

हे तपासायचं कसं? पहिले शब्द वाक्यात घालून बघा. 'नाव' घ्या. ते नाव, नावाने हाक मारली. पण अंबाझरी तलावातली ती नाव, नावेत बसलो. लिंग बदललं, सामान्यरूप बदललं की समजा पाणी वेगळं आहे. पहिलं 'नाम'पासून आलं, दुसरं 'नौ'पासून. अन् मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की इंग्रजीत दोघांचेही खरे नातेवाईक आहेत, एकाचा नेम अन् दुसऱ्याचा नेव्ही.

मग शब्दाची सोबत बघा. आमरस, आमराई एकीकडे, आमसभा, आमजनता दुसरीकडे. पहिल्यात आम्र आहे, दुसऱ्यात अरबी 'आम', म्हणजे सगळ्यांचा.

तरी अडलं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकटात आहे, बऱ्याच शब्दांपुढे खूण असते, एस म्हणजे संस्कृत, पी पर्शियन, ए अरबी.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जोडी. बदनाम, बदमाशमधला 'बद' अन् इंग्रजी 'बॅड'. उच्चार जुळतो, अर्थही जुळतो, अन् मग आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी मेसेज फिरतो की इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून नेला. असं काही नाही. 'बद' फारसी आहे, अन् पहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, तो 'वद' होता, म्हणजे जसजसं मागे जावं तसतसे हे दोघं एकमेकांपासून लांब जातात. दात अन् टूथ, दहा अन् टेन यांचं तसं नाही, तिथे आपला 'द' अन् त्यांचा 'ट' शब्दामागून शब्द जुळत जातो, एकट्यादुकट्या शब्दात नाही.

अर्थ मात्र सगळ्यात शेवटी बघा. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपली 'शिक्षा' म्हणजे दंड, अर्धं नागपूर दोन्ही भाषा बोलतं म्हणून रोज गोंधळ होतो, पण मूळ संस्कृत शब्द एकच.